वाड्यातल्या स्वयंपाकघराची नवी मांडणी : आधी मोरी, मग ओटा

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, वाडी किंवा मांडवीच्या आसपासचे जुने घर ज्यांच्या वाट्याला आले आहे, ते स्वयंपाकघर नवे करायचे ठरले की पहिली फेरी बहुधा मॉड्युलर किचनच्या दुकानात मारतात. दुकानदार खोलीची लांबी-रुंदी विचारतो आणि दहा मिनिटांत संगणकावर रंगीत चित्र काढून दाखवतो. त्या चित्रात चार गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: भिंती ओळंब्यात आहेत, कोपरे काटकोनात आहेत, जमीन समतल आहे आणि पाण्याचा पाइप हवा तिकडे नेता येतो. शंभर-सव्वाशे वर्षांच्या लाकडी सांगाड्याच्या घरात या चारांपैकी एकही गोष्ट सहसा खरी नसते. दुकानात जाण्याआधी घरात बसून काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि कशाला हात लावू नये, हे प्रथमच अशा कामात पडणाऱ्यांसाठी येथे मांडले आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. अशा घरात स्वयंपाकघराची मांडणी मोरी ठरवते. सांडपाणी आज ज्या कोपऱ्यातून बाहेर जाते तो कोपरा प्रथम पक्का करावा, मग डोक्यावरच्या आणि पायाखालच्या तुळया कोणत्या दिशेने गेल्या आहेत ते पाहावे, आणि ओटा, शेगडी, फ्रीज, कपाटे यांना उरलेल्या जागेत बसवावे. आमच्या घरी आम्ही हा क्रम उलटा लावला होता. त्याची किंमत काय पडली ते पुढे येईलच.

पहिले पंधरा दिवस काहीही तोडू नये

या काळात एकच काम करायचे, ते म्हणजे पाहणे. जमिनीवर खडूने खुणा कराव्यात: सकाळी आठला ऊन कुठे पडते, दुपारी चारला कुठे पोचते, पोळ्या लाटणारी व्यक्ती कुठे बसते किंवा उभी राहते, भाजी कुठे निवडली जाते, दूध उतू गेले तर ते कोणत्या बाजूला वाहत जाते. शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची, कारण जमिनीचा जुना उतार तीच दाखवते. बादलीभर पाण्यात चिमूटभर नीळ कालवून मोरीत ओतावी आणि एका माणसाला वाड्याच्या आतल्या चौकात, दुसऱ्याला मागच्या बोळात उभे करावे. निळे पाणी कुठे बाहेर पडते, किती वेळाने पडते आणि सगळे पडते की मध्येच मुरते, हे या दहा मिनिटांच्या प्रयोगात कळते. पाणी कमी बाहेर आले तर बाकीचे भिंतीच्या पायात जात आहे असे समजावे आणि नवी मांडणी बाजूला ठेवून आधी तेवढेच काम हाती घ्यावे.

याच दिवसांत घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून घ्यावे. चूल कुठे होती, उखळ जमिनीत कुठे पुरलेले होते, पाण्याची घडवंची कोणत्या भिंतीला होती, कोणता कोनाडा नंतर बुजवला, हे त्यांना तोंडपाठ असते. उखळाची जागा नुसत्या मातीने भरून वर लादी टाकलेली असेल तर पुढे फ्रीजचा पाय नेमका तिथे खचतो. चुलीच्या वरच्या छतात धुराड्याचे भोक असते आणि ते बहुधा पत्र्याने झाकलेले असते. चिमणीची नळी बाहेर काढायला पुढे तेच कामी येऊ शकते.

मोजमाप

जुन्या घरात खोली फुटांत न सांगता खणांत सांगतात: दोन खणी स्वयंपाकघर, तीन खणी माजघर. खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर, आणि ते बहुतेक ठिकाणी पाच-सहा फूट भरते. आपली मोजणीही खणांपासूनच सुरू करावी. प्रत्येक खांब, प्रत्येक तुळई आणि त्यांवर आडव्या बसलेल्या कड्या कागदावर आखून घ्याव्यात. नंतर खोलीच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या बाजूंत पाच-सात इंचांचा फरक निघाला तरी दचकू नये; आमच्या एका खोलीची एक बाजू नऊ फूट आठ इंच आणि समोरची दहा फूट तीन इंच आहे. प्रत्येक भिंतीवर तीन ठिकाणी ओळंबा सोडून ती वर आणि खाली किती बाहेर आली आहे ते लिहून ठेवावे. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी लेव्हल काढतात तशी चारही कोपऱ्यांची काढावी.

जिना आणि बोळही मोजायला विसरू नये. दहा फुटी ग्रॅनाइटचा सलग तुकडा दादराच्या जिन्यातून वळत नाही. दोन दारांचा फ्रीज तर पुष्कळ घरांच्या पुढच्या दारातूनच आत येत नाही, कारण चौकटीची उंची जेमतेम साडेपाच फूट आणि उंबरा वर चार इंच असतो. वस्तू विकत घेतल्यावर हे कळण्यात फार मनस्ताप आहे.

लाकूड आणि भिंत यांची तपासणी

लाकडी सांगाड्याच्या घरात वजन खांब आणि तुळया उचलतात. मधली विटांची भरण बरीचशी पडद्यासारखी असते. त्यामुळे 'भिंत पाडून खोली मोठी करू' हे वाक्य उच्चारण्याआधी त्या भिंतीत खांब दडला आहे का, हे पाहणे भाग आहे. खांब सहसा दगडी तळखड्यावर उभा असतो, आणि मोरीलगतचा खांब खालून कुजतो. लाकडी दांड्याने ठोकत जावे, आवाज भरीव येतो की पोकळ ते ऐकावे, शंका येईल तिथे पेचकसाचे टोक दाबून पाहावे. टोक सहज पाव इंच आत गेले तर तिथे सुताराला बोलवावे. तुळईचे जे टोक भिंतीत शिरते ते विशेष पाहावे, कारण ओल तिथे साचते आणि बाहेरून दिसत नाही. आर्द्रता मोजण्याचे छोटे यंत्र आता सहज मिळते. लाकडात वीस टक्क्यांहून अधिक ओलावा कायम राहत असेल तर बुरशी आणि कुज यांना आमंत्रण आहे असे धरावे.

चूल होती तेव्हा धुराने कड्या काळ्या होत, पण त्या धुराने किडीला दूरही ठेवले. गॅस आला, धूर गेला, आणि ज्या कड्यांवर नंतर ऑइलपेंट चढला त्यांत वाळवी कधी शिरली हे कोणाला दिसलेही नाही. रंग खरवडताना एक काळजी घ्यावी. घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याचा संभव मोठा आहे. तो रंग कोरडा घासू नये, ओला करून खरवडावा, आणि काम चालू असताना लहान मुलांना त्या मजल्यावर ठेवू नये.

भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, दिसत असेल तर त्यावर सिमेंटचा गिलावा चढवणे ही सर्वांत जास्त केली जाणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. चुन्याची भिंत ओल शोषते आणि हवेत सोडते. तिच्यावर सिमेंट बसले की ओल आतच अडकते, वर चढते, आणि दोन पावसाळ्यांनंतर लोणा सिमेंटच्या वरच्या कडेला पाच फुटांवर दिसू लागतो.

परवानग्या

स्वयंपाकघर आतले आहे, त्यात कोणाला काय विचारायचे, असे वाटते. तरी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, जवळपास केंद्रीय संरक्षित स्मारक आहे का. रावपुऱ्यातील तांबेकर वाडा त्याच्या भित्तिचित्रांमुळे संरक्षित आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील दोनशे मीटर नियंत्रित असते. निषिद्ध पट्ट्यातही दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येते, पण सक्षम अधिकाऱ्याची आगाऊ परवानगी घेऊन. दुसरी गोष्ट, बाहेरून दिसणारा बदल, नवी खिडकी, चौकावर टाकलेले छत किंवा खांब-तुळईला हात लागणारे काम असेल तर महानगरपालिकेच्या वॉर्ड कचेरीत आधी चौकशी करावी. तिसरी, घर भाड्याचे असेल तर मालकाची लेखी संमती घ्यावी. भाडेकरूने लेखी संमतीशिवाय पक्के बांधकाम करणे हे घर खाली करवण्याचे कारण ठरू शकते. घर भावाभावांत सामाईक असेल किंवा भिंत शेजाऱ्याशी सामाईक असेल, तर कायद्याआधी चहा पिऊन बोलणे बरे. सामाईक भिंतीत पाण्याचा पाइप पुरू नये, ही गोष्ट मात्र कोणी संमती दिली तरी पाळावी.

पाणी जाण्याची वाट

आता मुख्य मुद्दा. आमच्या स्वयंपाकघराची मोरी चौकाच्या बाजूला आहे आणि खिडकी त्याच्या उलट, रस्त्याच्या बाजूला. भांडी घासताना उजेड आणि वारा मिळावा म्हणून आम्ही सिंक खिडकीखाली नेले. कंत्राटदाराने खिडकीपासून मोरीपर्यंत चौदा फूट पाइप लादीखालून नेला आणि वर कोटा दगडाची लादी बसवून दिली. तीन महिने सगळे उत्तम चालले. चौथ्या महिन्यात सिंकमध्ये पाणी उभे राहू लागले, मग वास येऊ लागला, आणि दिवाळीत माझ्या काकूंनी देवघराच्या भिंतीला हात लावून म्हटले, "ही ओली का लागते रे?" लादी उखडली तेव्हा दिसले की चौदा फुटांत पाइपला जेमतेम दीड इंच उतार दिला होता, मधल्या वळणात तूप-तेलाचा पांढरा गोळा घट्ट बसला होता आणि त्यामागचा सांधा झिरपत होता.

हिशोब साधा आहे आणि तो कंत्राटदाराकडे न सोपवता आपण करावा. सिंकचा दोन इंची पाइप चाळीसास एक या उताराने न्यावा, म्हणजे चाळीस इंच लांबीला एक इंच. चौदा फूट म्हणजे १६८ इंच. त्याला चार इंचांहून थोडा अधिक उतार हवा. बारा फुटांना साडेतीन इंचांहून किंचित जास्त. आता प्रश्न असा की हे चार इंच आणायचे कुठून. खालच्या मजल्यावर जमीन खोदता येते, पण तिथे तळखडे आणि पाया असतो. वरच्या मजल्यावर कड्यांच्या मधून पाइप नेता येतो, तोही कड्यांना समांतर जात असेल तरच. त्यांना छेद देणारी वाट निवडली की सुतार कडीला खाच पाडतो, आणि खाच पडलेली कडी तिथेच एक दिवस वाकते. उरतो तिसरा उपाय, जमीन उंच करणे, आणि तो सर्वांत घातक. नव्वद चौरस फुटांच्या खोलीत चार इंच विटांचे तुकडे आणि कोबा भरला तर जमिनीवर सुमारे दीड टन नवे वजन येते.

यावरून नियम निघतो तो असा: सिंक जुन्या मोरीच्या भिंतीला किंवा तिच्यापासून चार-पाच फुटांच्या आत ठेवावे. उजेड हवा असेल तर दिवा आणता येतो. उतार तसा कुठून आणता येत नाही. एका भिंतीपलीकडे न्हाणीघर असेल तर दोन्हीकडचे पाणी त्याच भिंतीतून बाहेर काढणे हिताचे, कारण मग ओल्या कामाचा पट्टा घरात एकच राहतो आणि लक्ष ठेवायला सोपा जातो.

सिंकखाली पी-ट्रॅप, म्हणजे पाणी अडवून ठेवणारा वाकडा पाइप, असावा आणि त्यात दोन इंच पाणी अडून राहिले पाहिजे, तेवढ्याने गटाराचा वास आणि झुरळे थांबतात. मोरीत जमिनीच्या जाळीखाली बसणारा नहाणी ट्रॅप बसवावा. स्वयंपाकघराचे पाणी बाहेर गली ट्रॅपमध्ये, म्हणजे घराबाहेरच्या जाळीच्या कुंडीत, सोडावे आणि तिथून गटाराच्या चेंबरला जोडावे. संडासाच्या पाइपात ते थेट सोडू नये. प्रत्येक वळणावर उघडता येईल असे झाकण ठेवावे, आणि ते लादीखाली न गाडता वरून दिसेल असे ठेवावे. बडोद्यात विश्वामित्री नदी किती चढू शकते हे २०१९ आणि २०२४ च्या पावसाळ्यांत सर्वांनी पाहिले आहे. सखल भागातल्या घरांत मुसळधार पावसात गटाराचे पाणी उलटे येते, म्हणून शेवटच्या चेंबरआधी उलटे पाणी रोखणारा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा.

वजन

वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर असेल तर हा भाग दोनदा वाचावा. वीस मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट एका चौरस फुटाला सुमारे पाच किलो भरतो. दहा फूट लांब आणि दोन फूट खोल ओट्याला वीस चौरस फूट दगड लागतो, म्हणजे शंभर किलो. त्याखाली अर्ध्या विटेच्या तीन आडभिंती घातल्या तर प्रत्येकी साधारण शंभर किलो आणखी, एकूण चारशे. घराच्या खोल्यांसाठी आज नव्या इमारतीत प्रति चौरस मीटर दोनशे किलो माल-माणसांचा भार धरतात. आपला ओटा डबे-भांडी चढण्याआधीच त्या जागेपुरता तेवढा भार घेऊन बसतो. शंभर वर्षांच्या सागवानी कड्या पुष्कळदा याहून जास्तही पेलतात, पण त्यांची टोके धड आहेत का हे तपासल्याखेरीज त्या भरवशावर राहू नये. विटांऐवजी लोखंडी अँगलची चौकट करावी, तिचे पाय दोन कड्यांच्या मध्ये फळीवर न येता कडीवर किंवा तुळईवर येतील असे बसवावेत, आणि ओटा शक्यतो भिंतीलगत, जिथे कड्यांची टोके टेकतात तिथेच ठेवावा. पाचशे लिटरची पाण्याची टाकी भरली की पाचशे किलोची होते, म्हणून ती पोटमाळ्यावर ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. खोलीच्या मधोमध स्वतंत्र ओटा, ज्याला हल्ली आयलंड म्हणतात, तो या घरांना मानवत नाही.

या टप्प्यावर एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला, त्यातही जुन्या लाकडी घरांचे काम केलेल्याला, एकदा घर दाखवावे. एका भेटीची फी ग्रॅनाइटच्या रंगावर होणाऱ्या खर्चापुढे काहीच नसते.

ओटा, बैठक आणि कोनाडे

ओट्याची उंची दुकानातल्या मापाने ठरवू नये. जी व्यक्ती जास्त वेळ स्वयंपाक करते तिने सरळ उभे राहून कोपर काटकोनात वाकवावा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजावे आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करावेत. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या बाईला बत्तीस इंचांचा ओटा सोयीचा होतो. तयार मॉड्युलर ओटे चौतीस-पस्तीसचे असतात आणि त्यांवर कणीक मळताना खांदे वर उचलावे लागतात. घरात दोघेजण स्वयंपाक करत असतील आणि उंचीत फरक असेल तर ओट्याचा एक भाग दोन-तीन इंच खाली घ्यावा. ओट्यासमोर एकट्यासाठी तीन फूट आणि दोघांसाठी चार फूट मोकळी जागा ठेवावी.

सिंक, शेगडी आणि फ्रीज यांचा त्रिकोण आखण्याची पद्धत १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून पुढे आली. तिन्ही बाजूंची बेरीज तेरा ते सव्वीस फुटांत असावी, असे तीत म्हणतात. लांबट दोन खणी खोलीत ती बेरीज आपोआप जुळते, पण तो त्रिकोण उभ्याने काम करणाऱ्यांचा आहे. आपल्याकडे विळीवर बसून भाजी चिरणारी, पाटावर बसून मोदक वळणारी माणसे अजून आहेत, आणि गौरी-गणपतीत पाच जणी एकदम स्वयंपाकघरात असतात. त्यांच्यासाठी उजेडाच्या बाजूला किमान तीन फूट लांब आणि तीन फूट रुंद जमीन मोकळी सोडावी. ती जागा नकाशावर रिकामी दिसते म्हणून दुकानदार तिथे उंच कपाट सुचवतो. त्याला नाही म्हणावे. गुडघ्यांमुळे कोणाला खाली बसवत नसेल तर त्याच जागेत घडीचे टेबल येते.

कोनाडे आणि फडताळे बुजवू नयेत. जाड भिंतीतले फडताळ ही बारा-चौदा इंच खोल, थंड आणि फुकट मिळालेली कपाटाची जागा आहे. लोणच्याच्या बरण्यांना याहून चांगली जागा नवीन लाकूडकामात मिळत नाही. आतून चुन्याचा हात द्यावा आणि जुने दार बिजागरीसह परत लावावे. भिंती ओळंब्यात नसल्यामुळे नवी कपाटे भिंतीला घट्ट चिकटवण्याचा हट्ट धरू नये. मागे इंच-दीड इंच फट राहू द्यावी आणि कडेला लाकडी पट्टीने झाकावी. त्या फटीतून भिंतीला वारा लागतो. खालच्या कपाटांना चार इंची पाय असावेत आणि प्लाय पाण्यात टिकणारा, आयएस ७१० या मानकाचा घ्यावा. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, मोरीजवळ आणूच नये.

वास्तुशास्त्र पाळणाऱ्या घरांत आग्नेय कोपऱ्याचा प्रश्न हमखास येतो. शेगडी दोन-चार फूट इकडेतिकडे सरकवता येते आणि सरकवावी. मोरी सरकवण्यापर्यंत गोष्ट आली तर वरचा चौदा फुटांचा हिशोब शास्त्रीबुवांपुढे ठेवावा.

धूर, गॅस आणि वीज

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साचतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो आणि छताशी जमतो. म्हणून सिलिंडरवाल्या स्वयंपाकघरात हवा जाण्याची झडप जमिनीलगत हवी आणि पाइप गॅसवाल्यात छताजवळ. बडोद्यात बऱ्याच घरांत पाइपचा गॅस आहे, पण पुष्कळ घरांत अडीअडचणीसाठी एक सिलिंडरही ठेवलेला असतो. अशा घरांत दोन्हीकडे झडपा हव्यात. सिलिंडर उभाच ठेवावा, त्याचे कपाट बंदिस्त नसावे आणि रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी.

चिमणी शेगडीपासून सव्वीस ते तीस इंच उंच बसवावी. तिची नळी सहा इंची, पत्र्याची आणि कमीत कमी वळणांची असावी. जुन्या धुराड्यातून ती नेता येते, मात्र आधी तिथली काजळी पूर्ण काढून घ्यावी, कारण ती पेट घेते, आणि नळी लाकडाला टेकू देऊ नये.

लाकडी पट्टीवरचे जुने वायरिंग असेल तर ते दुरुस्त न करता बदलावे. स्वयंपाकघरासाठी मुख्य बोर्डातून स्वतंत्र लाइन आणावी, तिला तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, आणि खरे अर्थिंग असावे. दिव्यांना दीड, मोठ्या प्लगना अडीच आणि गिझर किंवा ओव्हनला चार चौरस मिलिमीटरची तार घ्यावी. दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी जवळपास नऊ अँपिअर ओढते. तिला सोळा अँपिअरचाच प्लग लागतो. भिंतीत आडव्या खाचा पाडून वायर पुरण्यापेक्षा पाइप भिंतीवरून उघडाच न्यावा. दिसायला तो फार वाईट दिसत नाही, आणि पुढे कोणाला खिळा ठोकायचा झाला तर वायर कुठे आहे ते कळते.

चुन्याचा गिलावा आणि कामाचे दिवस

चुना किमान दोन-तीन आठवडे पाण्यात मुरवलेला असावा. सकाळी विरवून दुपारी लावलेला चुना पुढे भिंतीवर फुगतो आणि त्याचे टवके उडतात. एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग वाळू घेऊन पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थर ओला ठेवून हळू वाळू द्यावा, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊनच घट्ट होतो. एप्रिल-मेच्या बेचाळीस अंशांत तो भराभर वाळून तडकतो आणि पावसाळ्यात वाळतच नाही. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. शेगडीमागे चिकटवलेल्या टाइल्सऐवजी कोटा दगडाची पाटी भिंतीपासून अर्धा इंच सुटी बसवावी, आणि बाकी भिंतींना चुन्याची सफेदी द्यावी.

दिवस मोजताना बडोद्याचे पंचांग लक्षात ठेवावे. दिवाळीला गेलेले कारागीर लाभपाचमेआधी, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीआधी, परतत नाहीत, उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे, दोन दिवस गच्चीवर पतंगांशिवाय कोणाला जागा नसते आणि दाहोदकडची मजूर माणसे होळीला गावी गेली की पंधरा दिवस तरी येत नाहीत. लाभपाचमेला काम सुरू करून होळीपूर्वी संपवण्याचा बेत जमतो, पण कारागीर गणपतीतच ठरवून ठेवलेले असावेत. मधल्या काळासाठी माजघरात एक शेगडी आणि पिंप यांची सोय करावी. कामाचा क्रम असा ठेवावा: लाकडाची दुरुस्ती, मग सांडपाण्याची वाट, मग वायरिंग आणि गॅस, मग गिलावा, मग जमीन, मग ओटा, आणि कपाटे सर्वांत शेवटी.

भाषेचाही एक घोळ होतो. आपण स्वयंपाकाच्या ओट्याला ओटा म्हणतो. गुजरातीत ओटलो म्हणजे दारापुढचा कट्टा. आमच्या शेजारच्या घरी "ओटा तोडायचाय" असे सांगून मालक कचेरीत गेले आणि कडियाने, म्हणजे गवंड्याने, पुढच्या दाराचा दगडी कट्टा फोडायला घेतला. ओट्याला प्लॅटफॉर्म, मोरीला चोकडी, वाळवीला उधई आणि घडवंचीच्या जागेला पाणियारुं म्हणावे. जे ठेवायचे आहे त्यावर खडूने हिरवी फुली आणि जे काढायचे आहे त्यावर लाल फुली करून ठेवावी. आमच्याकडे आता तसेच करतात.

काम संपले की कपाटे बसवण्याआधी सिंकला बूच लावून ते काठोकाठ भरावे आणि एकदम सोडावे, असे लागोपाठ पाच वेळा. खाली प्रत्येक सांध्याला वर्तमानपत्राचा कोरडा कागद गुंडाळून ठेवावा आणि सकाळी तो हाताला कसा लागतो ते पाहावे. मोरीच्या भिंतीला लागून असलेल्या खालच्या कपाटाची मागची फळी पहिला पावसाळा उलटेपर्यंत लावू नये, आणि श्रावणात दर आठ दिवसांनी तिथे हात घालून भिंत चाचपावी.